पाठकबाईंचा चढता बॉल

हातात काही गोल आलं की पाठकबाईंना राहवत नसे. लिंबू असो, कांदा असो, बेसनाचा लाडू असो, त्या ते बोटांत धरत, दोनदा खालीवर करून वजन घेत आणि समोर जो कोणी असेल त्याला म्हणत, "हे बघ. इथून निघाला. सरळ आला. अजून सरळ आला. मी बॅट फिरवली. आणि तेवढ्यात..." मग त्यांचे डोळे मोठे होत, हात झटक्यानं वर जाई. "टुणकन!"

एकदा आमच्या खोलीसमोर चहा पिताना त्यांच्या टुणकनच्या वेळी लाडू खरंच हातातून सुटला. वर गेला, पत्र्याच्या कडेला लागला आणि दातार सरांच्या कपात पडला. सरांनी शर्टावरचा चहा झटकला, चमच्यानं लाडू बाहेर काढला आणि म्हणाले, "पाहिलंत बाई? शेवटी खालीच आला."

पाठकबाई मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉल शिकवायच्या आणि दातार सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. माझे घरचे शाळेच्या मैदानाचे वॉचमन, म्हणून फाटकाशेजारची पत्र्याची खोली आम्हाला मिळाली होती. लासूर स्टेशनच्या पुढं आमचं गाव. तिथली विहीर आटली त्या वर्षी आम्ही शहरात आलो. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. मैदानाच्या एका बाजूला शाळा होती आणि बाकी सगळीकडं माळ. मला माणसांशी बोलायची सवय नव्हती. कोणी काही विचारलं तर मी पदर नीट करायची आणि आत जायची. पण आमच्या दारातून मैदान सगळं दिसायचं, आणि मैदानात बाई असायच्या.

उंच, काटक, केस मानेवर कापलेले, सलवार-कमीज आणि पायात पुरुषांचे बूट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवलेली मी फार ऐकली नाही, कारण बाईंचा आवाजच तिच्यापेक्षा लांब जायचा. "अगं बॅट धरलीय की लाटणं? पोळ्या संध्याकाळी!" "लाजतेस काय? बॉल आहे तो, नवरदेव नाही!" एखादी मुलगी बेसकडं रमतगमत निघाली की, "पळ गं, टँकर आलाय असं समज!" यावर मात्र सगळ्या मुली खरोखरच जीव तोडून पळायच्या. त्या वर्षांत टँकरसाठी पळायची सवय सगळ्यांनाच होती.

त्यांची नि माझी ओळख एका फुटलेल्या माठानं झाली. नळाचा काही नेम नसायचा. त्या दिवशी मी दोन गल्ल्या पलीकडून पाणी आणून दारातला माठ भरला होता आणि हात पुसत होते, तेवढ्यात मैदानातून बॉल आला आणि माठ फुटला. पाणी धुळीत गेलं. धुळीनं ते असं ओढून घेतलं की डोळ्यांदेखत नुसता ओला डाग उरला. मी खाली बसले.

बाई पळत आल्या. मला वाटलं, आता या काहीतरी समजुतीचं बोलतील. त्यांनी विचारलं, "फुटायच्या आधी त्यानं उडी मारली का गं? तू समोरून बघितलंस ना? वर उचलला गेला का?"

मी त्या ओल्या डागाकडंच बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं. खापऱ्या बघितल्या, डाग बघितला. त्यांचा चेहराच उतरला. तशाच वळल्या आणि स्कूटी घेऊन निघून गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या तेव्हा पायांशी पाण्याचे दोन कॅन होते, आणि मागं बसलेल्या मुलीनं नवा माठ तान्ह्या लेकरासारखा कवटाळला होता.

"हे माझ्या घरचं पाणी," बाई म्हणाल्या. "एक दिवस आंघोळ नाही केली म्हणून मी काही मरत नाही. लाल माठ नव्हता, काळा आणलाय. चालेल का?"

मी मान हलवली.

"बरं. आता सांग. उडी मारली का?"

मला हसू आलं. शहरात आल्यापासून मी पहिल्यांदा परक्या माणसासमोर हसले असेन.

हे उडीचं प्रकरण काय ते मला पुढं कळलं. सॉफ्टबॉलमध्ये बॉल खांद्यावरून टाकत नाहीत. हात चाकासारखा पूर्ण फिरवून कमरेजवळून सोडतात. मारणारीनं तीन वेळा बॅट फिरवली आणि तिन्ही वेळा हुकली की ती बाद. बॉल लागला तर पळत सुटायचं, ओळीनं चारही बेस गाठले की एक रन. बाई तरुणपणी फार चांगल्या मारायच्या म्हणे. राज्याच्या संघाची निवड होती, समोर एक डावखुरी मुलगी टाकायला आली, आणि तिच्या बॉलनं बाईंच्या बॅटीजवळ येऊन उडी मारली. एकदा, दोनदा, तीनदा. निवड हुकली. दरवर्षी नव्या मुली आल्या की बाई त्यांना ही गोष्ट सांगायच्या, आणि आमच्यासारख्यांना मधूनमधून. गोष्ट सांगताना त्या बॅट व्हायच्या, बॉल व्हायच्या, ती डावखुरी मुलगीही व्हायच्या. फक्त 'मी हुकले' हे शब्द त्या गोष्टीत कधी आले नाहीत. बॉलनं उडी मारली, असंच असायचं.

तो बॉल मारता आला नाही, म्हणून त्यांनी तो टाकायला शिकून घेतला होता. पन्नाशी आली तरी टाकायच्या. खांदा दुखायचा, बाम चोळायच्या आणि परत टाकायच्या. मुली म्हणायच्या, "बाईंचा बॉल चढतो." आख्ख्या शहरात तसा बॉल टाकणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळं झालं असं, की सगळ्यांना तो बॉल खेळायला मिळायचा, एकट्या बाईंना मिळायचा नाही.

दातार सरांना हे पटत नसे. सर बारीक, हळू बोलणारे, उन्हातही छत्री घेऊन येणारे. शाळा सुटली की ते आमच्या दारातल्या बाकावर बसत आणि बाईंचा सराव बघत. म्हणत, "बाई, पृथ्वीला सुट्टी नसते. हातातून सुटलं की ती ओढायला लागते. वाटेत उडी मारायला बॉलला पाय लागतात."

"तुमच्या पृथ्वीला एकदा बॅट घेऊन उभी करा माझ्यासमोर," बाई म्हणायच्या.

"नजरबंदी असते ती."

"म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं ते खोटं?"

"डोळ्यांनी बघितलं म्हणूनच."

मग बाई खारे दाणे तोंडात टाकून उलट्या पावली मैदानात जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "सायन्स! चहा संपवा, थंड होतोय. हेही पृथ्वीच करते का?"

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. तेवढ्या काळात मैदानाच्या भोवतीचा माळ गेला. आधी खांब आले, मग प्लॉटचे दगड, मग इमारती. बॉल लांब गेला की आता कोणाच्या तरी गॅलरीत जायचा. बाई खाली उभ्या राहून वर ओरडायच्या, "ताई, बॉल द्या हो! आणि खिडकी फुटली असेल तर तेही सांगा!" पाणी मात्र इमारतींच्या मागोमाग आलं नाही. टँकर आले.

दुष्काळाचं ते वाईट वर्ष. मैदानावर मारायला पाणी नव्हतं. मुली पळाल्या की मागं धुळीचा पडदा उभा राहायचा. रेघा मारायला चुना मिळेना, तेव्हा बाईंनी माझ्या चुलीची राख मागितली. त्या वर्षी विभागाच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर होणार होत्या. त्याआधी मैत्रीचा सामना म्हणून दुसऱ्या जिल्ह्याची एक शाळा आली. त्यांच्यात एक लांब हातापायांची मुलगी होती. आमच्या मुलींनी तिला बघताक्षणी लंबी नाव ठेवलं.

लंबीनं हात फिरवला, बॉल सोडला, आणि आमची पहिली मुलगी बॉलच्या खालून बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घेऊन बसली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. सगळ्यांची बॅट खालून, बॉल वरून. आमची सगळी भिस्त सवितावर होती. बिडकीनहून एसटीनं यायची, शेतकऱ्याची मुलगी, मनगटं लोखंडाची. तीही तीन वेळा हुकली.

आणि बाई? बाई मैदानाच्या कडेला उड्या मारत होत्या. "सर! बघा! चढला! बघा, परत! आता बोला! आहे का पृथ्वी?" आमच्या मुली हरल्या, मान खाली घालून आल्या, तरी बाईंचा आनंद काही मावेना. लंबीला जवळ बोलावून तिची बोटं बघितली, तिला दाणे दिले. इतक्या वर्षांनी त्यांना त्यांचा बॉल भेटला होता.

सविता बूट सोडत बसली होती. खालीच बघून म्हणाली, "बाई, एक विचारू का?"

"विचार की."

"बॉल उडीच मारतो तर मग आमी मारावं कसं? तुमालाच नाय मारता आला. आमाला कसा यील?"

बाई हसत होत्या, तशाच थांबल्या. सविता पुढं म्हणाली, "विभागाच्या टीममधी नाव आलं तर हॉस्टेल मिळतंय. तिथं ऱ्हायचं, खायचं, शिकायचं. नाय तर दहावी झाली की मी घरी. बापानं सांगितलंय. आन् सामना परत हिच्याशीच हाय. मंग आत्ताच सांगा, म्हंजी मी नादाला नाय लागत."

मुली उठून घरी गेल्या. बाई आमच्या दारातल्या बाकावर येऊन बसल्या. मी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. दातार सर छत्रीची मूठ फिरवत बसले होते. जिंकल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

"सर," बाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं सिद्ध करता येईल?"

"येईल."

"माझं?"

"त्याच प्रयोगात. दोघांपैकी एकाचं."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून तयारी सुरू झाली. सरांना मोठ्या चौकटी हव्या होत्या. आमच्या घरची एक खाट आणि शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनच्या दोन, अशा तीन खाटांची नवार सोडली. माझे घरचे म्हणाले, "अवं सर, रात्री झोपावं कुटं?" सर म्हणाले, "विज्ञानासाठी जमिनीवर." उभ्या खाटांवर जुने पेपर चिकटवायचे होते. खळ करायला पाणी कुठलं? मी भाताची पेज काढून ठेवली होती, तिच्यातच पीठ शिजवलं. बाईंच्या हातापासून मारणारीच्या मागं बॉल धरणाऱ्या कॅचरपर्यंत त्या तीन खाटा ओळीनं उभ्या केल्या. एक बाईंच्या जवळ, एक मधे, एक मारणारीच्या पुढ्यात. शेवटच्या खाटेवर बाईंनी सगळ्यात पातळ कागद लावायला लावला, म्हणजे पलीकडचं थोडं दिसेल. नाहीच दिसलं, तेव्हा वरची अर्धी बाजू मोकळी ठेवली.

सर सगळ्या मुलींना म्हणाले, "बॉल कागद फाडत जाईल. मग पहिल्या भोकातून शेवटच्या भोकापर्यंत आपण दोरी ताणू. बॉल सरळ येऊन शेवटी एकदम उचलला गेला असेल, तर मधलं भोक दोरीच्या खाली राहील. आणि उडी नसेल, बॉलला पृथ्वी सारखी ओढत असेल, तर मधलं भोक दोरीच्या वर येईल. समजलं का?"

"खाली तर बाई, वर तर सर," एक मुलगी म्हणाली.

"अगदी बरोबर."

बाईंनी पंचा काढून ठेवला. बॉल सलवारीला घासला, नाकाशी नेऊन वास घेतला. सविता बॅट घेऊन पलीकडं उभी. बाईंचा हात फिरला. फट्, फट्, फट् असे तीन कागद फाटल्याचे आवाज एकात एक मिसळले, आणि कॅचरच्या हातात बॉल वाजला.

"सविता! मारली का उडी?"

"व्हय बाई! लई! बॅटीपशी आला न् टुणकन!"

बाईंनी सरांकडं असं बघितलं की मला सरांचीच कीव आली. सरांनी दोरीचं एक टोक पहिल्या भोकात धरलं, दुसरं टोक एका मुलीला शेवटच्या भोकाशी धरायला लावलं. दोरी ताणली. आम्ही सगळे मधल्या खाटेभोवती गोळा झालो. माझे घरचे, बांधकामावरचा वॉचमन, गॅलरीतल्या बायकासुद्धा वाकून बघत होत्या.

मधलं भोक दोरीच्या वर होतं. चांगलं चार बोटं वर.

बाई जवळ आल्या. भोकात बोट घातलं, दोरीला हात लावला. मग म्हणाल्या, "परत."

परत केलं. वर. परत. वर. बाई म्हणाल्या, कागद फाडून बॉल दमतो. सरांनी म्हटलं, ठीक आहे, कागद ओले करून मऊ करू. बाई म्हणाल्या, पाणी वाया घालवू नका. परत टाकला. दर वेळी सविता ओरडायची, "मारली उडी बाई, शप्पथ!" आणि दर वेळी भोक दोरीच्या वर. माझ्याकडचे पेपर संपले. बाईंचा खांदा उचलेना झाला, तेव्हा त्या तिथंच खाटेला टेकून उभ्या राहिल्या.

"ही पोरगी खोटं बोलत नाहीये, सर."

"नाही ना. तुम्हीही बोलत नव्हता." सर खाली धुळीत बसले आणि काडीनं रेघ काढायला लागले. "बॉल खालून वर येतो, ते खरंच आहे. पुलाचा चढ असतो तसा. चढ आहे, पायरी नाही. शेवटी शेवटी बॉल इतका जोरात असतो की डोळा त्याच्या मागं राहूच शकत नाही. मग डोळा काय करतो? पुढं जाऊन थांबतो. नेहमीचे बॉल जिथं येऊन पडतात तिथं. पण हा बॉल उलटा गरगर फिरत येतो, हवा त्याला थोडी उचलून धरते. डोळा खाली वाट बघत बसतो आणि बॉल वरून जातो. आपल्याला वाटतं, उडी मारली. उडी नाही बाई. पडतो तोही. फक्त कमी पडतो."

बाई त्या रेघेकडं बघत होत्या. म्हणाल्या, "तो नाही हो सर. तो नव्हता कमी पडला. मी कमी पडले."

सरांनी काडी टाकून दिली. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मला म्हणायचंय," बाई म्हणाल्या.

मी तेव्हा नवार गोळा करत होते. बाई आता गप्प होतील, घरी जातील, दोन दिवस येणार नाहीत असं मला वाटलं. मी असते तर तसंच केलं असतं. पण बाईंनी खांद्याला हात लावला, टाळी वाजवली आणि सगळ्या मुलींना धुळीतच बसवलं.

"ऐका गं. मी तुम्हाला गोष्ट सांगते ना, त्या बॉलची? ती चुकीची आहे. बॉलनं उडी मारली नव्हती. मी हुकले होते. तिन्ही वेळा मीच हुकले." एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला. "आणि ही किती चांगली बातमी आहे! अगं, बॉल उडी मारत असता तर आपण काय करणार होतो? काहीच नाही! पण चूक डोळ्याची आहे. चूक आपली असली की ती दुरुस्त करता येते! डोळा सांगेल तिथं मारायचंच नाही. त्याच्या चार बोटं वर! डोळा म्हणेल, वेडी आहेस का, तिथं काही नाहीये. त्याला म्हणायचं, गप बस!"

मुलींना हसू आलं. सविता तेवढी हसली नाही. तिनं चार बोटं हवेत धरून बघितली.

सरांनीही जाता जाता मुलींना बजावलं, "एवढंच लक्षात ठेवा, हा बॉल कमी पडतो."

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला आणि सविता मारणारीच्या राखेच्या चौकोनात अगदी पुढच्या रेघेला जाऊन उभी राहिली. तिच्या मागची मुलगीही तिथंच. तिसरीही. बाईंना काही कळेना.

"अगं, तिकडं कुठं निघालात? बाईच्या गळ्यात पडणार का?"

सविता म्हणाली, "सर म्हणले ना, बॉल कमी पडतो. मंग आपल्यापत्तुर यायचा नाय. म्हणून म्होरं सरकले."

घरात पीठ कमी पडतं, पाणी कमी पडतं, म्हणजे आपल्यापर्यंत पोचत नाही. मुलींनी तेच धरलं होतं. बाई हसून हसून जमिनीवर बसल्या. दारातल्या बाकावर सरांनी कपाळाला हात लावला. बाई डोळे पुसत उठल्या, म्हणाल्या, "राहा तिथंच, एक टाकतेच तुला, गंमत म्हणून." आणि टाकला.

ठण्! असा आवाज झाला की गॅलरीतली कबुतरं उडाली. बॉल बाईंच्या कानाजवळून गेला.

बाई वळून बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "सायन्स, हे काय झालं?"

सर छत्री विसरून मैदानात धावत आले होते. "अहो बाई, बरोबर आहे! चढ आहे ना तो. पुढं उभं राहिलं की बॉल अजून तेवढा वर आलेलाच नसतो! वेळ कमी मिळेल, पण उंची हाताला येईल!"

"हलू नकोस सविता!" बाई ओरडल्या. "आहेस तिथंच राहा! परत!"

त्या दिवसापासून तेच चाललं. पुढं सरकायचं आणि चार बोटं वर. बाई टाकत राहिल्या, बाम चोळत राहिल्या. मुली हुकत राहिल्या, मग कमी हुकायला लागल्या. "गप बस!" असं स्वतःच्या डोळ्याला ओरडूनच मुली बॅट फिरवायच्या. नवीन माणसाला वाटायचं, या शाळेतल्या मुली सारख्या कोणावर तरी डाफरतात.

स्पर्धेच्या दिवशी महापालिकेचा टँकर येणार होता, तो आलाच नाही. धुळीतच खेळ झाला. भोवतीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. शेवटी लंबी आणि आमच्या मुली समोरासमोर आल्या. सविता पुढच्या रेघेला उभी राहिली, तेव्हा लंबीच्या मास्तरांना हसू आलं. पहिला बॉल आला. सविता हुकली. दुसरा आला, हुकली. मी पदर तोंडात धरला. बाई कडेला उभ्या, दोन्ही हात पाठीमागं, एक शब्द नाही. असं कधी होत नसे.

तिसरा बॉल आला. "गप बस!" सविता किंचाळली आणि बॅट फिरली.

बॉल लंबीच्या डोक्यावरून गेला, मधल्या मुलीच्या डोक्यावरून गेला, आणि नव्या इमारतीच्या बांबूंना लागून खाली आला. सविता धुळीतून पळत होती आणि धुळीत ती दिसत नव्हती, नुसत्या बेसवर पोचल्याच्या आरोळ्या येत होत्या. त्या सामन्यात तिनं लंबीचा बॉल परत मारला, आणि परत एकदा. दुसऱ्या दोघींनीही मारला. तरी आम्ही एका रननं हरलो. कप पाहुण्यांना गेला. पण बाई अशा नाचत होत्या की लंबीच्या मास्तरांनी माझ्या घरच्यांना विचारलं, "नक्की कोण जिंकलं हो?"

विभागाच्या टीमची नावं तिथंच मैदानात वाचून दाखवली. लंबीचं नाव आलं. मग सविताचं आलं. सविता आधी उठलीच नाही. तिला वाटलं, दुसरी कोणी सविता असेल. बाईंनी तिला दंडाला धरून उभी केली.

त्या उन्हाळ्यानंतर बाई निवृत्त झाल्या आणि बहिणीकडं राहायला दुसऱ्या गावी गेल्या. त्या निघाल्या त्या दिवशी मी पाण्याच्या रांगेत होते, भेट झाली नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं त्यांचं शेवटचं रूप स्पर्धेच्या संध्याकाळचंच आहे.

बक्षिसं वाटून झाली होती. पाहुण्या मुली पिशव्या भरत होत्या. बाई लंबीजवळ गेल्या. हातात सविताची बॅट होती.

"बाळा, दमलीस का?"

"नाही बाई."

"मग मला एक टाक. फक्त पूर्ण जोरानं टाक. माझ्या वयाकडं बघू नकोस."

लंबीनं तिच्या मास्तरांकडं बघितलं. त्यांनी मान डोलावली. दातार सर बाकावरून उठले. बाई राखेच्या चौकोनात शिरल्या. पुढं सरकल्या. गुडघे वाकवले. इतकी वर्षं मी त्यांना रोज बघत होते, पण बॅट धरून बॉलची वाट बघताना कधी बघितलं नव्हतं. त्या वाकल्या आणि एकदम कोवळ्या मुलीसारख्या दिसायला लागल्या, घाबरलेल्या.

लंबीचा हात फिरला.

बाईंची बॅट फिरली ती मला वाटलं हवेतच फिरली. पण बारीकसा 'टक' असा आवाज झाला. सविताचा झाला तसा ठणठणीत नव्हे. बॉल वर गेला नाही, लांबही गेला नाही. धुळीतून सरपटत लंबीच्या बाजूनं निघाला.

"सर!" बाई जागेवरूनच ओरडल्या. "मला उडी मारतानाच दिसला हो! सगळं माहीत असून! तसाच दिसला! आणि लागला!"

"मग पळा की बाई!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी त्याच दिवशी ऐकलं.

बाईंनी बॅट टाकली आणि पळत सुटल्या. मैदानात खेळाडू कोणीच नव्हते. पण पाहुण्या मुलींनी पिशव्या टाकल्या, दोघी बॉलमागं धावल्या, एक पहिल्या बेसवर जाऊन हात पसरून उभी राहिली. आमच्या मुली कडेनं किंचाळायला लागल्या. पन्नाशी उलटलेली बाई, एक खांदा धरून, धूळ उडवत पळत होती. बॉल मुलींच्या हाती आला होता, लंबी हसत ओरडत होती, "पहिल्यावर टाक, पहिल्यावर!"

बाई पहिल्या बेसवर थांबतील असं मला वाटलं. त्या थांबल्या नाहीत.